घुं

उद्यमनगरात, लेथच्या डोक्यावरच्या माळ्यावर
मी एक पेटी बांधली.
चार व्हॉल्व्ह, भंगारातून किलोच्या भावानं उचललेले,
जर्मनच्या डब्याचं बूड कापून केलेली बैठक,
समोर एक काळं बटण, अंगठ्याएवढं,
जे उगीचच आहे असं सगळे म्हणतात
आणि सगळेच एकदा फिरवून बघतात.

काम तसं साधं. रिक्षावरच्या जाहिराती.
मोफत नेत्रतपासणी. सोलापुरी चादरींचा महासेल.
हरवला आहे, रंग सावळा, अंगात चौकडीचा शर्ट.
सुमित्रा हंजे बोलते.
रिक्षा वळणाआड गेली तरी तिचा आवाज
गल्लीत थोडा वेळ उभा असतो.
त्याला जुन्या पेटीची ऊब लागावी, एवढीच माझी हाव.

पण व्हॉल्व्ह लाल झाले की
तिच्याआधी पेटीच तोंड उघडायची:
घुं.

खालून दस्तगीरच्या वेल्डिंगचा प्रत्येक चटका वर यायचा.
फोन वाजायच्या आधी फोनची टरटर.
आणि एकदा, 'हरवला आहे'च्या ऐन मध्यात,
कुठल्याशा स्टेशनवरचे गुळाचे भाव,
क्विंटलला.

मग मी झाकत सुटलो.
तांबटाकडून पत्रा आणून पेटीला आतून अस्तर,
पहिल्या व्हॉल्व्हला टोपी,
दिव्याच्या तारांना घट्ट वेणी,
शाळेला धाडताना पोरीची घालतात तशी, डोळे ताणले जाईपर्यंत.
माइकच्या केबलवरची जाळी
दोन्ही टोकांना डाग देऊन पक्की केली.
आमच्यात बांधायचं म्हटलं की दोन्हीकडनंच बांधतात.

घुं वाढलं.

सुरगोंडा मेस्त्री, रेडिओवाले, पंचाहत्तरीचे,
जिना चढून आले, दम खाल्ला, आत वाकून बघितलं.
"एक टोक सोड."
"पण मेस्त्री, चिलखत आहे ते."
"दावं हाय. एका खुंटीला बांधायचं.
दोन खुंट्यांना बांधलंस तर जनावर हंबरतंयच की."

सोडलं.
अर्धं गेलं. उरलेलं अर्धं तिथंच,
पाहुणा ओसरीवर बसून राहावा तसं.

वडील चहा घेऊन आले.
चाळीस वर्षं फाउंड्रीच्या घणाखाली,
कान तिथंच ठेवून घरी आलेले.
माझं तोंड बघून त्यांनी कप ठेवला,
डावा तळवा स्पीकरच्या पडद्यावर टेकवला, हलकेच,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा,
आणि उजव्या हातानं
सैल केलेला ट्रान्सफॉर्मर धरला.

मी ओरडलो, "आबा, तीनशे व्होल्ट हाईत आत!"
ते त्यांना कुठलं ऐकू यायला.

जराशी फिरकी. थांबले.
अजून जराशी. जास्त झालं, मागं.
डोळे मिटलेले,
ओठ साच्यात रस ओतताना असायचे तसे आवळलेले.
मी हेडफोन घातला होता,
आणि माझ्या कानात जे बारीक बारीक होत चाललं होतं
ते त्यांच्या तळव्यातही होत होतं.
दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी कळतेय
असं आमच्या घरात फारसं घडत नाही.

मग काही नाही.
खरोखरच काही नाही,
फक्त चहा गार होत असलेला.

"गप झालं!" आबा म्हणाले,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात.
काटा लाल पट्टीत जाऊन आपटला.
रेकॉर्डर चालूच होता.

ट्रान्सफॉर्मर आजही त्याच कोनात आहे.
त्या कोनात भोकं जुळत नाहीत,
म्हणून दोनच स्क्रूंवर.
सुमित्रा म्हणते, वाकडं बसलंय की हे.
दुसरी दोन भोकं पाडायची आहेत केव्हापासून,
पण ड्रिल लावायचं म्हणजे
आधी ते हलवावं लागेल.